ताजमहालासमोरचा आमचा वीर

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पार्क झालं आहे. शिरपामाळ पाहिला, धबधबा पाहिला, आता जेवणाआधी अजून काय, असं विचारणाऱ्या पर्यटकांची तिथे सोय केलेली आहे. आत जगातल्या सगळ्या प्रसिद्ध वास्तू आहेत. पिरॅमिड आहे, तो आमच्या पाड्यावरच्या पेंढ्याच्या उडवीएवढा. चीनची भिंत आहे, ती कुठलीही शेळी मनात आणलं तर ओलांडेल. पॅरिसचा लोखंडी मनोरा आहे, इटलीतला कललेला मनोरा आहे, आणि लोक त्याला हाताने सावरून धरल्यासारखे फोटो काढतात. दर रविवारी त्या मनोऱ्याला निदान शंभर जण सावरतात.

मी या सगळ्याची टिंगल करते, पण मधोमध उभ्या असलेल्या ताजमहालाची करत नाही. त्याचा घुमट माझ्या दादाने केला आहे. दादा ठाण्याला बांधकामावर गेला तेव्हा घमेली उचलायचा, परत आला तो चांगला गवंडी होऊन. पार्कवाल्यांना घुमट जमेना, चार वेळा तडे गेले. दादाने बांबूचा सांगाडा आपल्या पद्धतीने विणून घेतला, वर जाळी, वर गिलावा, आणि असा गोल घुमट उठवला की मालकाने त्याला तिथेच कामावर ठेवून घेतलं. मी जव्हारच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. शिक्षकांच्या खोलीत मी त्या घुमटाचा फोटो सगळ्यांना दाखवला होता. माझ्या भावाने ताजमहाल बांधला, असं सांगताना मला जरासुद्धा हसू आलं नव्हतं.

तो पार्कात लागला त्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी दादा माझ्या खोलीवर आला. चहा झाला, तरी उठेना. मग म्हणाला, "बाय, आपल्या वीरांचं काहीतरी लिहून दे. पंचायतीत नोंद करतात. नायतर उद्या कोणी बोलेल, इथं काय नव्हतंच."

वीर म्हणजे आमच्या पाड्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली उभे असलेले दगड. घरातलं माणूस गेलं की काही काळाने त्याच्या नावाने दगड कोरून घेतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. बाबाच्या दगडावरही घोडा आहे. आमच्याकडे बापाला अहोजाहो करत नाहीत, म्हणून मीही करत नाही. बाबा जन्मात कधी घोड्यावर बसला नाही. बैल सोडला तर कुठल्याच जनावराशी त्याचं फार जमलं नाही. पण मेल्यावर आमच्यातला प्रत्येक जण घोडेस्वार होतो. भाताचं नवं पीक आलं की पहिला शिजवलेला भात पळसाच्या पानावर या वीरांपुढे ठेवायचा, आणि मग घरातल्यांनी तोंडात घालायचा. वीर जेवल्याशिवाय नवा दाणा कुणी खात नाही. आई तर मुळीच नाही.

दादाने मागितलं आणि मला चेव चढला. मी शाळेत निबंध तपासणारी बाई. आपल्या मातीबद्दल आपण लिहायचं, तेही पंचायतीच्या दप्तरात राहणार, म्हणून मी दोन रविवार खर्चून चार कागद लिहिले. कुठला दगड कुणाचा, ते नकाशा काढून दाखवलं. बाबाच्या दगडाजवळ त्याचं पूर्ण नाव लिहिलं. आणि मग, लिहिताना हात चालू लागला म्हणून, एक गोष्टही लिहिली.

ती गोष्ट मला आईने सांगितली होती. मागच्या वर्षी ती आजारी होती आणि महिनाभर माझ्याकडे होती तेव्हा. माझ्या आणि दादाच्या मधली एक मुलगी होती. पावसात तिला ताप भरला. बाबाने तिला घोंगडीत घेतलं आणि दोघं दवाखान्याला चालत निघाले, बाबा पुढे, आई मागे. आई दर थोड्या वेळाने विचारायची, कशी आहे? बाबा म्हणायचा, झोपली आहे, चल. दवाखान्यात पोचल्यावर बाबा बाकावर बसून राहिला, आत जाईना. आईने घोंगडी उघडली तेव्हा तिला कळलं. मुलगी निम्म्या वाटेवरच गेली होती. बाबाला तेव्हाच समजलं होतं, आणि तरी तो तसाच चालत राहिला, कारण मागे आई आशेवर चालत होती. आई मला म्हणाली होती, "हे त्यानं कुणाला सांगितलं नाय. मीपण नाय. दादालापण नाय."

मी ते लिहिलं. का लिहिलं? चांगलं उतरत होतं म्हणून. दुसरं काही कारण मला आजही सापडत नाही.

दिवाळी झाली, भात कापून झोडून झाला. आईचा निरोप आला, रविवारी ये, नव्याचं करायचं आहे. जुना तांदूळ संपून दोन आठवडे झाले होते. ती गेल्या वर्षीच्या नागलीची भाकरी खात होती आणि नव्या तांदळाची कणगी समोर भरलेली होती. मी म्हटलं, आधीच का नाही केलंस? तर म्हणाली, तुझी वाट बघत होते.

तिने भात शिजवला. नव्या तांदळाचा वास घरभर झाला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं हे कबूल करते. तिने पळसाच्या पानात भात बांधला आणि पायात चपला घातल्या. वीरांकडे जाताना आमच्यात कुणी चपला घालत नाही. मी तसं म्हटलं, तर तिने पुडकं उचललं आणि उंबरा ओलांडला.

मी पुढे झाले. मोहाखाली गेले तर बाबाच्या जागी खड्डा. आजोबाचा दगड होता, चुलत्याचा होता, मधे दात पडल्यासारखी ती जागा. खड्ड्यात पावसाचा गाळ बसून वर गवत आलं होतं. म्हणजे दगड जाऊन बरेच दिवस झाले होते. मी ओरडले, चोर आले, दगड नेला. पाड्यावरच्या दोन बायका भात वाळवत होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तेव्हा मला कळायला लागलं की हे माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे.

"दादानं नेला," आई मागून म्हणाली. "मी दिला."

"कुठं नेला?"

"तिथं, त्याच्या कामावर. तो बोलला, बाबा उन्हापावसात उभा हाय. तिथं त्याला छप्पर देतो. मोठीमोठी माणसं पाया पडाया येतील."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू भांडशील बोलला."

मी तिथेच दगडांच्या रांगेत बसले. भांडले असतेच. पण ज्या घरात वीज आणायला कुठल्याकुठल्या कार्यालयांत मी हेलपाटे घातले, आईचं औषध, दादाच्या मुलांचे दाखले ज्या माझ्याकडून होतात, त्या मला यांनी दोघांनी मिळून चार महिने हसतमुखाने फसवलं. गौरीला मी आले होते, दिवाळीला आले होते. दोन्ही वेळा आई मला वीरांकडे जाऊ द्यायची नाही, काही ना काही काम काढायची. मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारीला माझा सहवास हवा आहे.

आई म्हणाली, "ऊठ. भात निवतो. तिथं जाऊ."

जीपने गेलो. आईच्या मांडीवर पळसाचं पुडकं. पार्कच्या दारात तिकिटाची खिडकी, आणि खिडकीतल्या माणसाने आमच्याकडे पाहून आधी विचारलं की साफसफाईसाठी आलात का. मी त्याला दोन शब्द सुनावणार होते, तेवढ्यात दादा धावत आला. अंगात पार्कचा निळा शर्ट. त्याने मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. आईला म्हणाला, "हिला का आणलीस?"

त्याने आम्हाला बाजूच्या फाटकाने आत घेतलं. आई पहिल्यांदाच येत होती. पिरॅमिडकडे बघून तिने विचारलं, हे काय? दादा म्हणाला, राजाचं थडगं. ताजमहालापाशी आल्यावर विचारलं, आणि हे? दादा म्हणाला, राणीचं. आई म्हणाली, "मग बाबा हाय ते बरोबर हाय."

ताजमहालासमोर, बरोबर मधोमध, सिमेंटच्या चौथऱ्यावर बाबा होता. छप्पर होतं, दादा खोटं बोलला नव्हता. चांगलं कौलारू छप्पर. पण दगडावरचा शेंदूर घासून काढला होता आणि वर चकचकीत काहीतरी चोपडलं होतं, त्यामुळे घोडा नुकताच अंघोळ करून आल्यासारखा दिसत होता. भोवती साखळी. साखळीला पाटी, हात लावू नये. शेजारी मोठा फलक. मी वाचायला लागले आणि माझे कान तापले. अक्षर न् अक्षर माझं होतं. ज्या वाक्यावर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली होती, तेही होतं. फक्त बाबाचं नाव नव्हतं. त्या जागी होतं, 'एक अनाम आदिवासी वीर'.

"हे पंचायतीच्या दप्तरासाठी होतं," मी दादाला म्हटलं.

"पंचायतीला काय करायचंय त्याचं?"

"तू मला तसं सांगितलंस."

"खरं सांगितलं असतं तर लिहिलं असतंस?"

"नाही."

"मग?" तो म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर झालं.

"आणि बाबाचं नाव? मी लिहिलं होतं ना? आपल्या बापाला अनाम करताना तुला काही वाटलं नाही?"

"मालक बोलला, नावानं लोकांना काय कळत नाय. अनाम बरं वाटतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाय, मी हिथं परमनंट झालो त्या दगडावर. गावात मोहाखाली कोण बघत होतं त्याला? हिथं रोज लोक बघतात."

मी त्याला काय काय बोलले ते आता सांगत नाही. माझा आवाज चढला तेव्हा कललेल्या मनोऱ्याला सावरणारे लोकही हात सोडून आमच्याकडे बघायला लागले. माझ्या आयुष्यात माझा इतका अपमान कुणी केला नव्हता, आणि तो करणारा माझ्या हातची राखी बांधून घेणारा माणूस होता.

तेवढ्यात एक घोळका आला. पुढे कॉलरला माइक लावलेली पोरगी, आमच्याच बाजूची असावी, पण बोलणं पढवलेलं. आधी हिंदीत म्हणाली, "यह है आदिवासियों का ताजमहल." मग मराठीत सुरू झाली. एका पावसाळ्यात एका गरीब बापाने आपल्या तापलेल्या लेकीला घोंगडीत घेतलं. बाप पुढे, आई मागे. आई विचारायची, कशी आहे? बाप म्हणायचा...

आई पानाची गाठ सोडत होती. तिचे हात थांबले. तिला वाचता येत नाही, फलकाचं तिला काही नव्हतं. पण हे ऐकू येत होतं. माइकमधून ते पार पिरॅमिडपर्यंत ऐकू जात होतं. घोंगडी उघडली, तिथे पोरीने पढवल्याप्रमाणे थोडं थांबून घेतलं. एका बाईने डोळे पुसले. मग सगळ्यांनी फोटो काढले, काहींनी आईसकट, आणि घोळका चीनच्या भिंतीकडे गेला.

आई साखळीपर्यंत गेली. मग दादाला म्हणाली, "ती साखळी काढ." दादाने काढली. तिने बोटाने दगड पुसल्यासारखा केला, पान खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेऊन वाकली. नव्याचं झालं. मग रीत असते, पानातला घास आई मुलांना देते, थोरला आधी.

दादा शर्टाला हात पुसून पुढे आला. मला वाटलं, आता आई त्याला नाही देणार. मनात म्हटलं, बरोबरच आहे, चार लोकांत कळू दे याला. पण तिने घास घेतला आणि त्याच्या हातावर ठेवला. तो तिथेच उभ्याउभ्या खाल्ला त्याने, खाली मान घालून. मला इतका राग आला की हात पुढे करू नये असं वाटलं. पण नवा भात होता, आणि आई देणार होती. मी हात पुढे केला.

आईने पान मिटलं.

"आई, त्याला दिलंस," मी म्हटलं. "त्याने बाबाला इथे आणून उभं केलं, आणि त्याला दिलंस?"

"दगड मीच दिला त्याला," आई म्हणाली. ती पानाला गाठ मारत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. "दुसरं ते मी तुला एकटीला सांगितलं होतं."