साडूबुवा आणि आजींचं चेस्टनट

ब्रिटनच्या अख्ख्या बेटावर एकही झाड धड नाही, असं ठामपणे सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. इकडे चार मराठी माणसं भेटली की हवेबद्दल बोलतात, व्हिसाबद्दल बोलतात, मुलांच्या शाळांबद्दल बोलतात. साडूबुवा झाडांबद्दल बोलत, आणि झाडांबद्दल म्हणजे ती कधी मरणार याबद्दल. मी पहिल्यांदा लंडनला आलो तेव्हा ते मला घ्यायला हीथ्रोवर आले होते. प्रवास कसा झाला, सामान सगळं आलं का, काही विचारलं नाही. कार पार्कच्या कुंपणाशी बर्चची एक रांग होती, तिच्याकडे हनुवटी करून म्हणाले, "सगळे जाणार. दहा वर्षं. फार तर बारा." मला वाटलं, सासरच्या मंडळींबद्दलच बोलताहेत.

हे गृहस्थ मूळचे नागपूरचे आणि सॉफ्टवेअरमधले. सिटीतल्या एका बँकेच्या कॉम्प्युटरवर त्यांनी दहा-बारा वर्षं काढली. नवं शतक लागलं, टेकचा फुगा फुटला, कॉन्ट्रॅक्ट संपलं. बाकीचे लोक सूट घालून इंटरव्ह्यू देत हिंडू लागले आणि साडूबुवांनी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी दोर लावून झाडावर चढायचा कोर्स केला. जावई लाकडं तोडतो हे कळल्यावर सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "अगं आई, ट्री सर्जन म्हणतात त्याला. सर्जन!" असं ताईंनी फोनवर ओरडून सांगितलं तेव्हा कुठे त्यांना धीर आला. पण त्यांनी त्यातला अर्धाच शब्द कॉलनीभर सांगितला आणि महिन्याभरात शेजारच्या काकांच्या गुडघ्याचा एक्स-रे पाकिटातून साडूबुवांच्या हॅरोच्या घरी येऊन पोचला. साडूबुवांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पाच वर्षं."

त्यांच्या घरात शिरायचं म्हणजे धाडसाचं काम. जिथे लोक कोट अडकवतात तिथे बकलं आणि कड्या लोंबणारा हार्नेस, त्याखाली जाड पँट, जिच्यात चेनसॉ लागली तरी पाय वाचतो असं म्हणतात, आणि जिन्याच्या कठड्यावर वाळत घातलेले चाळीस-चाळीस मीटर दोर. हे दोर ते दर रविवारी बाथटबमध्ये कोमट पाण्यात भिजवून हातानं धूत. त्यांची इकडे जन्मलेली मुलगी वरून ओरडायची, "आई, बाबाचा दोरी परत बाथमध्ये झोपलाय, मी शॉवर कसा करू?" वाळलेल्या दोराची ते इंच न् इंच बोटांनी चाचपणी करत. कशासाठी, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "या दोरानं मला आजवर दगा दिलेला नाही. म्हणजे वेळ जवळ आली." दसऱ्याला दिवाणखान्यात चौरंगावर दोन्ही चेनसॉ मांडून त्यांची हळदकुंकू वाहून पूजा व्हायची. त्या वेळीही सुरक्षेचा नियम म्हणून चेनचा ब्रेक लावलेला असे आणि प्रसादाला हात पुढे करण्याआधी साडूबुवा तो एकदा ओढून बघत.

कामावर मात्र त्यांच्याइतका नालायक धंदेवाला मी दुसरा पाहिला नाही. गिऱ्हाईक म्हणे, "हे झाड काढून टाका." हे खिशातून नायलॉनचा हातोडा काढत, खोडाला चहूबाजूंनी टकटक करत, कान लावत आणि मग तासभर त्या माणसाला झाड का काढू नये हे समजावत. लेलँडीचं कुंपण तेवढं बिनतक्रार कापून देत. त्यांच्या मते लेलँडी हे झाडच नाही, दोन शेजाऱ्यांमधलं भांडण उंच वाढलंय एवढंच. बाकी प्रत्येक झाडाचा त्यांना वेगळा घोर होता. बीच आतून सडतं आणि शेवटच्या दिवसापर्यंत चेहऱ्यावर दिसू देत नाही. विलो तर मोडायचं निमित्तच शोधत असतं. ॲशचा भरवसा नाही. ओकला मरायला इतका वेळ लागतो की बघणाऱ्याचा जीव जातो. त्यातल्या त्यात सिकमोरबद्दल ते थोडे मायेनं बोलत. "बाहेरून आलंय, कुणी बोलावलं नव्हतं, जिथे भेग दिसेल तिथे रुजतंय. आपल्यासारखंच."

सगळ्यात वाईट गोष्ट ही, की त्यांचं खरं ठरायचं. ओळखीच्या एकांच्या मुलीचं रिसेप्शन ईलिंगजवळच्या एका हॉटेलच्या बागेत होतं. साडूबुवा भेटवस्तू न देताच तंबूमागच्या मोठ्या बीचपाशी गेले आणि नव्या सुटात गुडघे टेकून मुळांशी उगवलेल्या भूछत्रांना हात लावून आले. मग थेट मुलीच्या वडिलांना गाठून म्हणाले, "तंबू हलवा. मुळं गेलीत." वडील हसले, व्याही हसले, हॉटेलचा मॅनेजर तर फारच हसला. साडूबुवा जेवले नाहीत. ते पाच तास तंबू आणि झाड यांच्या मधे उभे राहिले, जणू पडलंच तर हातांवर झेलणार होते. त्या दिवशी काही झालं नाही. जानेवारीत ते झाड वाऱ्यात मुळासकट आडवं झालं. दुसरा एखादा चार घरी फोन करून सांगता. यांनी बातमी ऐकून चहाचा कप खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही.

शनिवारी त्यांना मदतीला माणूस मिळत नसे, म्हणून माझी नेमणूक झाली. माझं काम जमिनीवर: वरून येणाऱ्या फांद्या ओढायच्या, चिपरच्या तोंडात घालून त्यांचा भुगा करायचा आणि जड ओंडका असला की दोर धरून हळूहळू सोडायचा. वरून हुकूम मराठीत यायचे. "धरा! सोडा! अहो, सरका!" असं ओरडणं इंग्लिश बागांमधून घुमायचं आणि शेजारीपाजारी पडदा बाजूला करून पाहायचे.

अशाच एका शनिवारी आम्ही पिनरच्या बाजूला एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईंकडे गेलो. आम्ही आपसात त्यांना आजी म्हणू लागलो. त्यांच्या मागच्या बागेत एक प्रचंड हॉर्स चेस्टनट होतं आणि त्याखाली एक बाक. नवरा होता तोवर दोघं तिथे बसत, आता त्या एकट्या बसत. झाडाच्या खोडातून तांबूस काळं पाणी झिरपत होतं. त्या वर्षांत इकडच्या चेस्टनटांवर ती रोगराई आलीच होती. वर एका बारक्या किड्यानं जुलैतच पानं करपवून टाकली होती. साडूबुवांनी टकटक केली, कान लावला, साल खरवडली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला उत्तर कळलं होतं. पाच वर्षं. कदाचित तीन.

आजींनी विचारलं, "मला एवढंच सांगा, मी आहे तोवर हे राहील ना?"

मी वाट बघत होतो. आणि मग या माणसानं, ज्यानं काकांच्या गुडघ्यालाही सोडलं नव्हतं, हातोडा खिशात घातला आणि म्हटलं, "राहील. मी बघतो त्याच्याकडे."

परतताना व्हॅनमध्ये मी विचारलं, "खरंच राहील?"

"वजन कमी केलं वरचं, तर का नाही राहणार?" ते रागावून म्हणाले. "प्रत्येक वेळी वाईटच व्हायला पाहिजे का?"

तीन वर्षं त्यांनी त्या झाडाची सेवा केली. पोटच्या मुलीच्या शाळेतल्या पेरेंट्स इव्हनिंगला कधी वेळेवर गेले नसतील, पण चेस्टनटची तपासणी चुकली नाही. वरचा डोलारा हलका केला, वाळकं काढलं, मुळांवर भुग्याची दुलई घातली. आजी प्रत्येक वेळी चहा करत आणि साडूबुवा त्यांच्या शेजारी बाकावर बसत. ताई म्हणायच्या, "त्या बाईकडून आले की दोन दिवस माणसात असतात हो."

चौथ्या वर्षीच्या ऑगस्टमधली दुपार. पान हलत नव्हतं. आजी बाकावर होत्या, साडूबुवा खोडाशी, मी जरा लांब. आजी म्हणाल्या, "दूध आणते," आणि आत गेल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात पोचल्या असतील नसतील, तोच वरून एखादं दार हळूहळू उघडावं तसा आवाज झाला आणि माझ्या कमरेइतकी जाड, हिरवीगार, बाहेरून ठणठणीत फांदी खाली आली. धूळ बसली तेव्हा बाक नव्हता. फळ्यांचे तुकडे होते.

आजी दुधाचं भांडं घेऊन बाहेर आल्या. जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघा, दूध संपलं होतं म्हणून वाचले." आणि साडूबुवांचा चेहरा पाहून त्यांनी भांडं खाली ठेवलं. ते गवतावर बसले होते. हातोडा हातात तसाच. मराठीत, कुणालाच उद्देशून नाही, पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मी सांगितलं होतं राहील म्हणून. मीच सांगितलं होतं." आजींना शब्द कळत नव्हते. त्या शेजारी गवतावर बसायला लागल्या. त्या वयात ते सोपं नव्हतं, मी हात दिला. "वारासुद्धा नव्हता हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळणार?" साडूबुवांनी मान हलवली. त्यांच्या मते त्यांना कळायलाच हवं होतं.

झाड आता धोक्याचं झालं होतं. ते पाडायला कौन्सिलची परवानगी आली आणि सप्टेंबरात काढलं. दोन दिवस लागले. दुसऱ्या कुणाला काम देऊ, असं मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. ते वरून एकेक तुकडा कापत होते, मी दोरानं खाली घेत होतो, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी "धरा" आणि "सोडा" याखेरीज एक शब्द उच्चारला नाही. "सरका"सुद्धा नाही. मीच आपला आधीच सरकून उभा राहायचो. आजी स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. खोड पडलं तेव्हा त्या खिडकीत एकदम लख्ख ऊन आलं. आम्ही हात धुवायला आत गेलो, तर म्हणाल्या, "केवढा उजेड झाला." आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

हिवाळ्यात त्या घरात घसरून पडल्या आणि मुलीनं त्यांना कार्डिफला, आपल्या घराजवळच्या केअर होममध्ये नेलं. साडूबुवा काम करत राहिले, पण अंदाज सांगणं बंद झालं. गिऱ्हाईक विचारे, किती दिवस? हे म्हणत, "सांगता येत नाही." घरी येताना रस्त्यातल्या झाडांकडे बघेनासे झाले. आम्ही सगळी त्या भाकितांना इतकी वर्षं वैतागलेली माणसं, पण जेवताना शांतता असह्य व्हायची. ताईंनी एकदा मुद्दाम खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं, "अहो, त्या लाइमच्या झाडाला काय झालंय?" ते म्हणाले, "काही नाही," आणि पोळी वाढून घेतली. ताई आत जाऊन रडल्या.

मे महिन्यात साडूबुवांचा फोन आला. "कार्डिफला येता का? एकट्याला जमणार नाही."

आजी खिडकीपाशी खुर्चीत होत्या. खूप वाळल्या होत्या. खिडकीबाहेर गाड्या लावायची फरशी होती. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. शेवटी साडूबुवांवर नजर थांबली.

"तुम्ही झाडाचे ना?"

"हो."

"ते कापायचं म्हणताहेत," आजी हलक्या आवाजात म्हणाल्या. "मुलीला सांगू नका. कापू देऊ नका."

मी खाली बघत होतो. साडूबुवांनी खुर्ची पुढे ओढली.

"नाही कापू देणार."

"फुललंय?"

"फुललंय. खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत. पांढरे तुरे, प्रत्येकात आत जरासा गुलाबी ठिपका. सकाळी मधमाश्यांचा आवाज घरात येतो इतका." आजींनी डोळे मिटले. साडूबुवा बोलतच होते. पान अजून एकही करपलेलं नाही. खोडाचा ओलावा सुकलाय, नवी साल धरलीय. दक्षिणेकडच्या फांदीवर कबुतराच्या जोडीनं घर केलंय. बाक नवा केलाय, ओकचा, तो हलणार नाही. पुढच्या वर्षी सावली कुंपणापर्यंत जाईल. त्याच्या पुढच्या वर्षी रस्त्यापर्यंत.

आजींचा श्वास संथ लागला होता, हात मांडीवर सैल पडले होते. नर्स दारात येऊन बघून गेली. साडूबुवा त्या झाडाच्या पुढच्या पन्नास वर्षांपर्यंत पोचले होते. मी त्यांना थांबवलं नाही.