सोव्हिएत रशिया फुटला तेव्हाचा नकाशा

ऑइलपेंटचा वास आला की मला अजीजचाचा पेंटर आठवतात. सोव्हिएत रशिया फुटला, तेव्हा दिंद्रुडच्या आमच्या शाळेतला भिंतीवरचा नकाशा बदलायला मी त्यांना बोलावलं होतं.

ब्रश बुडवता बुडवता त्यांनी विचारलं, "बाई, तिथली मानसं कुठं गेली?"

"कुठंच नाही. आहेत तिथंच."

"म्हंजे आमच्यावानीच. मी निजामाच्या राज्यात जलमलो. घर हाय तिथंच हाय, राज्य बदललं. रेघा खडूनं काढू का?"

"पुसल्या जातील की!"

"म्हनूनच."

मी हट्टानं पक्क्या रंगातच काढून घेतल्या.

आता बातम्यांत युक्रेनची रेघ रोज सरकते. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या पेंटरनं घर न सोडता किती राज्यं पाहिली असतील?