कॅल्डवेल गेली, शालनबाई राहिल्या

कॅल्डवेलचं नाव कुणी काढलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी रावेतला राहतो, मूळचा धाराशिवकडचा, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि या अमेरिकन कंपनीची एक गाडी माझ्या गळ्यात पडलेली आहे. पण माझं रडगाणं राहू द्या. ऐकायचंच असेल तर कुरुळीच्या शालनबाईंचं ऐका. त्यांच्या जमिनीवर या कंपनीनं कारखाना उभा केला, वर त्यांनाच गाडी विकली आणि एक दिवस चंबूगबाळं आवरून निघून गेली.

गाडीबरोबर तेव्हा एक जाडजूड गुळगुळीत पुस्तक मिळायचं. त्यात कंपनीचा इतिहास. अमेरिकेतल्या कुठल्याशा खेड्यात कॅल्डवेल नावाचा लोहार घोडागाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा, त्यानं गोठ्यात पहिली मोटार जोडली, पुढे लेकांनी कारखाना काढला, मंदी आली तरी एकाही कामगाराला घरी बसवलं नाही, आणि एकदा जोडलेला ग्राहक पिढ्यानपिढ्या सोडला नाही. चिंचवडच्या शोरूममधली टाय लावलेली पोरं ही पोथी तोंडपाठ म्हणून दाखवायची. मी शिकलासवरलेला माणूस, मीही भुललो. शालनबाईंचे यजमान अर्जुनराव तर पार विरघळले. "लव्हार हाय म्हंजी आपल्यातलाच की," म्हणाले.

अर्जुनरावांचं कांद्याचं वावर औद्योगिक वसाहतीत गेलं आणि त्यावर कॅल्डवेलची शेड उभी राहिली. गाडी घ्यायची ठरली तेव्हा त्यांनी एकच हट्ट धरला. गाडी शोरूममधून नको, कारखान्याच्या गेटातून पाहिजे. माझ्या वावरात पिकलेला माल माझ्या वावरातूनच माझ्या घरी येणार. कंपनीच्या साहेबांना ही कल्पना फारच आवडली. त्यांनी गेटावर मांडव घातला, फोटोग्राफर बोलावला, आणि पुढच्या वर्षीच्या कंपनीच्या कॅलेंडरवर अर्जुनराव फेटा बांधून, शालनबाई नऊवारीत आरतीचं ताट घेऊन झळकल्या. कुरुळीतल्या घराघरात ते कॅलेंडर लागलं. त्या दिवसापासून कंपनी घरचीच झाली. इथल्या जुन्या माणसांची हीच चूक झाली. आपल्या मातीवर उभं राहिलं ते आपलं, एवढं साधं त्यांचं गणित होतं, आणि समोरच्याचं गणित वेगळं असू शकतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

गाडी दारात आली आणि चालवायची कुणी, इथं घोडं अडलं. अर्जुनरावांची नजर अधू झाली होती. एकुलता एक मुलगा शेखर पुढाऱ्यांच्या मागे हिंडत असे, घरात सापडायचाच नाही. तेव्हा शालनबाई म्हणाल्या, "मी शिकते." भावकी पोट धरून हसली. सासूनं तर अन्नच सोडलं.

शालनबाई हसण्यावारी नेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याला कारण होतं. त्यांचं माहेर मावळात, आडबाजूला. आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा घरातले सगळे पुरुष जमिनीच्या कामाला पुण्यात गेलेले. त्या ओसरीवर पिशवी मांडीवर घेऊन दिवसभर बसून राहिल्या. संध्याकाळी कुणीतरी आलं, कुणीतरी जीप केली, आणि त्या पोचल्या तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. हे मला सांगताना त्या रडल्या नाहीत. चिडल्या. "घरात ट्रॅक्टर हुता, भावकीच्या दोन गाड्या हुत्या. मला चालवाया येत न्हवतं म्हनून आईचं तोंड न्हाई दिसलं," एवढंच म्हणाल्या.

कारखान्याच्या कंपाउंडबाहेरच्या रस्त्यावर त्या शिकल्या. चपला दाराशी काढून अनवाणी बसायच्या, कारण गाडी वावरातून आलेली, आणि वावरात चपला घालून पाऊल टाकायचं नाही. लायसन्सच्या परीक्षेला नऊवारीतच गेल्या. मग कुरुळीतल्या बायकांची चाकणच्या बाजाराची, दवाखान्याची, लेकीच्या बाळंतपणाची सोय झाली. सून पूनम हिलाही त्यांनीच दवाखान्यात नेलं. अर्जुनराव शेवटपर्यंत शेजारच्या सीटवर बसून ट्रकवाल्यांना शिव्या द्यायचे. गाडी खरंच चांगली होती, हे मलाही मान्य करावं लागतं. दणकट, पोटात पाणी हलू न देणारी. म्हणूनच तर राग जास्त येतो.

अर्जुनराव गेले आणि पाठोपाठ कंपनीही गेली. पेपरात चौकट आली: भारतातील विक्री थांबवत आहोत, तथापि आमच्या सन्माननीय ग्राहकांना सेवा व सुटे भाग मिळत राहतील. त्या 'तथापि'वर विश्वास ठेवून आम्ही झोपलो. शोरूमच्या जागी सोफ्याचं दुकान आलं. सर्व्हिस सेंटरचा फोन आधी नुसता वाजायचा, मग वाजायचाही बंद झाला. मेकॅनिक लांबूनच बोनेटवरचं चिन्ह बघून "पुढं बघा साहेब" म्हणायला लागले. आमचा गाडीमालकांचा मोबाइलवर ग्रुप आहे. त्यावर पूर्वी सहलीचे फोटो यायचे, आता फक्त भीक मागितली जाते. कुणाला आरसा हवा, कुणाला दाराचं हँडल. सांगवीचे एक निवृत्त मास्तर काच वर सरकत नाही म्हणून वर्षभर प्लास्टिक चिकटवून फिरले. ज्यांनी आम्हाला परंपरा विकली ते साहेब लोक दुसऱ्या कंपन्यांत जाऊन दुसऱ्या परंपरा विकतायत. लाज नावाची गोष्ट यांच्या गावीही नसते.

त्याच ग्रुपवर माझी आणि शालनबाईंची ओळख झाली. त्यांच्या गाडीच्या स्टेअरिंगचा रॅक गेला होता. रॅक म्हणजे आपण स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा खालचा दांडा. तो गेला की गाडी आपलं ऐकत नाही. तळवड्याचा धनेश हा आमच्या ग्रुपचा शेवटचा आधार, त्यानं स्पष्ट सांगितलं, "मावशी, बाकी काय पण जुळवून देतो, स्टेअरिंगमधी जुगाड न्हाई करनार. हायवेला जीव जाईल." ग्रुपमधून दोन जुने रॅक आले, दोन्ही झिजलेले निघाले. गाडी अंगणात उभी राहिली, आणि शालनबाई पुन्हा ओसरीवर.

आता शेखरकडे येतो. कंपनी बंद पडली तेव्हा गावाला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला हा पट्टा ठाऊक नाही. बंद कारखान्यातून भंगार निघतं, आणि भंगाराचा ठेका मिळावा म्हणून इथं सख्खे भाऊ एकमेकांवर उठतात. शेखरनं भूमिपुत्राचा हक्क सांगितला. जमीन गेल्याचे कागद वडिलांच्या पश्चात आईच्या नावावर, म्हणून फर्मही आईच्या नावानं काढली: शालन एंटरप्रायझेस. चौकात फ्लेक्स लागले, युवा उद्योजक म्हणून. ट्रकच्या दारांवर आईचं नाव रंगवलं. शालनबाईंना त्याचं कौतुक होतं. हायवेला आपलं नाव जाताना दिसलं की पदर सावरून बघत राहायच्या.

रॅक गेल्यावर त्यांनी साहजिकच लेकाला विचारलं होतं. "आरं, तुझ्या त्या कारखान्यात एखादा आसंल बघ." शेखर म्हणाला, आत नुसती मशिनरी आहे, पार्ट एकही नाही. आईनं विश्वास ठेवला.

मला ठेवता आला नाही. आमच्या कारखान्यातला एक जण पूर्वी कॅल्डवेलच्या स्टोअरमध्ये होता. तो म्हणाला, पार्ट नाहीत कसे, पार्टांची छताला भिडलेली खोकी सोडून आलोय आम्ही. मी हे शालनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सुजितराव, चला. बघूनच येऊ." माझ्याच गाडीतून आम्ही शेखरच्या भंगाराच्या यार्डात गेलो. हायवेपासून आत, पत्र्याचं कुंपण. आईसाहेब आल्या म्हणून वॉचमननं धावत गेट उघडलं.

आत डोंगर होता. कॅल्डवेलच्या निळ्या खोक्यांचा एक, आणि त्याच्या शेजारी लोखंडाचा. दारं, आरसे, हँडलं, क्लच, सगळं कोरं, तेलकट कागदात गुंडाळलेलं, आणि सगळं गॅसकटरनं मधोमध कापलेलं. रॅक तर ढिगानं पडले होते. शालनबाईंनी एक उचलला. दुसरा उचलला. अखंड निघेल म्हणून त्या खाली बसून उपसतच राहिल्या. एकही निघाला नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. सांगवीचे मास्तर वर्षभर शोधत होते ते काच सरकवायचं यंत्र मला तिथं दिसलं, दोन तुकडे झालेलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेखर ऑफिसमधून बाहेर आला.

"आई, हिकडं कशाला आलीस? पायाला लागंल."

"तू मला काय सांगितलं हुतं?"

"आगं, ठेक्याची अटच हाय तशी. नवा माल बाजारात जाता कामा नये. कापायचा, व्हिडिओ काढायचा, मग भट्टीला न्यायचा. एक जरी भाईर गेला तरी ठेका रद्द."

"मी बाजार हाय व्हय रं?"

आता शेखरलाही राग आला. "त्या गाडीपायी लोक हसत्यात मला. पळून गेलेल्या कंपनीचं धूड दारात ठिवलंय म्हनत्यात. तुला नवी घेतो ना. ड्रायव्हर ठिवतो."

"ह्ये कापायला कुनाच्या नावानं आनलंस?"

त्यांच्या मागेच ट्रक उभा होता, दारावर नाव रंगवलेला. तिथल्या कामगारांनी माना खाली घातल्या. शालनबाईंनी हातातला तुकडा लेकाच्या पायाशी टाकला आणि माझ्या गाडीत येऊन बसल्या. वाटेत एवढंच म्हणाल्या, "परक्यानं लुटलं, त्याचं आता काय न्हाई. ह्यानं माज्या नावानं लुटलं." त्या दिवसापासून त्यांनी शेखरशी बोलणं टाकलं.

महिनाभरात शेखरनं भली मोठी काळी गाडी आणली. हार घातला, पेढे वाटले, ड्रायव्हर उभा केला. शालनबाईंनी पूनमकरवी निरोप दिला, चावी माझ्या हातात दे. शेखर म्हणाला, लय मोठी गाडी आहे, आईला झेपायची नाही, वय झालं, मागं आरामात बसावं. शालनबाई बसल्या नाहीत.

बाजाराच्या दिवशी सकाळी मला पूनमचा फोन आला. "भाऊ, आत्याबाई चाकणला चालत निघाल्यात. हायवेनं. हे गाडी घेऊन मागं गेलेत, पन त्यांच्या गाडीत त्या बसायच्या न्हाईत. तुमी या."

मी निघालो. कुरुळीच्या पुढे सगळा हायवे तुंबला होता. रोजच तुंबतो, पण आज कारण वेगळं होतं. पुढे कडेनं नऊवारीतली म्हातारी पिशवी घेऊन ताड ताड चाललेली, तिच्या मागे ती काळी गाडी बैलगाडीच्या चालीनं, आणि त्या गाडीमागे कंटेनरांची न संपणारी रांग, हॉर्नवर हात ठेवून बसलेली. मी गाडी रस्त्याच्या कडेला उतरवली आणि पळतच त्यांना गाठलं.

शेखर काच खाली करून गयावया करत होता. ड्रायव्हर नव्हता, स्वतःच चालवत होता.

"आई, बस ना. लोक बघत्यात."

"बघू दे."

"चुकलो. पाया पडतो तुझ्या."

शालनबाई थांबल्या. कित्येक दिवसांनी लेकाकडे बघितलं. "पाया नगं पडू. तितनं ऊठ."

"आई, ह्या ट्रॅफिकमधी?"

"मी ह्याच ट्रॅफिकमधी तुझ्या बायकूला दवाखान्यात न्हेलीय. ऊठ."

मागच्या कंटेनरवाल्यानं हिंदीत आईबहीण काढली. शेखर उतरला. मान खाली घालून पलीकडे जाऊन बसला. शालनबाई चढल्या, सीट पुढे ओढली, आरसा आपल्याकडे वळवला, आणि गाडी अशी सुटली की कंटेनरवाल्याचा हॉर्न आपोआप बंद पडला. मी माझी कॅल्डवेल काढून मागे लागलो. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, दोन्ही एकदमच.

यार्डाच्या फाट्यावर काळी गाडी कडेला थांबली. मीही थांबलो. शालनबाईंचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"उतर."

"हितं? आई, बाजारला जायचंय ना?"

"मला जायचंय. तू हितंच ऱ्हा. आजून कायतरी कापायचं ऱ्हायलं आसंल तुजं."

तो उतरला. त्यांनी आतूनच वाकून दार ओढून घेतलं आणि गाडी चाकणच्या दिशेनं नेली. शेखर धुरळ्यात उभा राहिला. माझ्याकडे त्यानं बघितलं, पण मी काच खाली केली नाही. चुकलं असेल माझं, पण केली नाही.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. शालनबाईंचा राग तसाच आहे, माझाही. जुनी गाडी अंगणात उभी आहे, ती विकायचं नाव काढायची कुणाची छाती नाही. नव्या गाडीची चावी शालनबाईंच्या कमरेला खोचलेली असते. शेखरला कुठं जायचं असेल तर त्यानं आदल्या दिवशी विचारायचं, असं घरात ठरलं आहे. विचारल्यावर त्या नेतातच असं नाही.