बाही, बाही, कॉलर, बाही

माझी थोरली बहीण शिंपीण. तोंडात टाचण्या धरून ती जितकं बोलते, तितकं मला मोकळ्या तोंडानेही जमत नाही. संगीतातलं तिला ओ की ठो कळत नाही. पण कापडातलं कळतं म्हणजे सगळंच कळतं, असा तिचा समज आहे. त्याला गैरसमज म्हणायची माझी छाती नाही.

माझी मुलगी पियानो शिकते. क्लासच्या कार्यक्रमासाठी तिला चार ओळींचा एक तुकडा बसवायचा होता. पहिल्यापासून सुरू करायची, तिसऱ्या ओळीला अडखळायची, की पुन्हा पहिल्यापासून. महिनाभर आमच्या घरात तिसऱ्या ओळीपलीकडे कुणी गेलं नव्हतं. कार्यक्रमाआधीच्या शेवटच्या तासाला पियानोच्या बाईंनी बजावलं, "मधेच थांबलीस तर क्लास बंद!" पोरगी रडून लाल झाली. मलाही फार वाईट वाटलं, कारण पियानोवर तिचा जीव आहे.

"आण तो सुरांचा कागद," बहीण म्हणाली. मी 'अगं अगं' करेपर्यंत तिने कात्रीने चारही ओळी सुट्या करून कटिंगच्या टेबलावर मांडल्या. "हे बघ. पहिली, दुसरी, चौथी एकाच मापाच्या. या बाह्या. तिसरी तेवढी वेगळी, ती कॉलर. बाही येते ना तुला? मग रोज उठून बाहीच काय शिवतेस? कॉलरला बस!"

"पण आत्या, सुरुवातीपासून वाजवायचं असतं."

"कोण म्हणतं?"

दुसरी आणि चौथी ओळ जादाची म्हणून चिंध्यांच्या पिशवीत गेली. पोरगी नुसत्या कॉलरला बसली आणि चार दिवसांत कॉलर चक्क जमली! घरी ती जेवायची हाक आली की थांबायची, त्यामुळे पुढचा घोळ कुणाच्या लक्षात आला नाही.

कार्यक्रमात तिने बाही, बाही, कॉलर, बाही सफाईने वाजवली. मग पुन्हा बाही. पुन्हा कॉलर. चौथ्या ओळीचे शेवटचे दोन सूर वेगळे होते. तिथे तुकडा संपायचा होता आणि ते सूर चिंध्यांत पडले होते. तिसऱ्या फेरीला बाईंनी घाम पुसला. पोरगी रडवेली झाली, पण हात चालूच.

तेवढ्यात बहीण उभी राहून ओरडली, "अगं, गाठ मार आणि दोरा तोड!"

पोरीने ज्या सुरावर सुरुवात केली होती, तोच दोनदा ठाणकन मारला आणि उठली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाई तरातरा आल्या. बहीण जन्मात पहिल्यांदा हळू बोलली, "चूक माझी. डावी-उजवी बाही सारखी नसते, हे मला कळायला हवं होतं. पोरीला काढू नका."

"कशाला काढू? मधेच थांबू नको म्हटलं होतं, ही तर थांबतच नव्हती!" बाई म्हणाल्या. "सोमवारी पाठवा. तिसरी ओळ अशी कुणीच वाजवली नव्हती. आणि माझी आणखी दोन पोरं तिसऱ्या ओळीला अडकलीत, त्यांच्यासाठी हिच्याबरोबर तुमची कात्री पाठवा."