उतारावर बंद केलेलं इंजिन

१. आज सकाळी शिरपूरकडे घाट उतरताना गाडीमालक नानांनी पिकअपचं इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली.
२. मागे कापूस वेचणाऱ्या बाया होत्या.
३. दोनतीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल घट्ट झालं, ब्रेक लागेना. गाडी कठड्याला घासत थांबली.

मी काम करते त्या गॅरेजात गाडी आल्यावर मी जाब विचारला, तर नाना हसले. “पोरी, उतारवर इंजिन कसाले चालू ठेवू? डिझेल काय फुकट शे?”

मला चीड आली.

अ‍ॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरताना इंजिनचा पंप जवळजवळ डिझेल देतच नाही. इंजिन बंद केलं की ब्रेकचा जोर मात्र जातो. अ‍ॅव्हरेज खातोय तो कापसाच्या तंतूंनी बुजलेला एअर फिल्टर. तो नानांनी कधी उघडलेलाच नाही.

शनिवारी याच बाया पुन्हा बसणार आहेत. नानांना समजवायला माझ्याबरोबर कोण येईल? शुक्रवारपर्यंत कळवा.