शोभाबाईंचा गोबरगॅस चालू आहे

हे मी लिहिणारच नव्हते, कॉलेजात रिपोर्ट दिला की विषय संपला असं वाटलं होतं. पण शोभाबाई डोक्यातून जातच नाहीत.

मांडवीकडच्या एका गावात आमचा सर्व्हे होता, एका संस्थेने मदत म्हणून दिलेले गोबरगॅस चालतात की नाही ते बघायचं. शोभाबाई आमच्यासारख्याच खानदेशी. नवरा वारला, मुलगा शहरात, गोडादऱ्यात कापडाच्या लूमवर कामाला, सणालाच येतो. घरात त्या आणि एक म्हैस.

"गॅस बंद शे, बंदच लिख व माय."

"काकू, मग हा चहा कशावर उकळतोय?"

त्या एवढ्या हसल्या! मग पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, "मागे बंद पडना तवय मिस्त्री तीन येळा उना. चालू लिखशी तं कोन येई व?"

खरंच, बंद पडला तर मिस्त्री तरी येतो, चालू गॅस बघायला परत कुणी जात नाही. तरी मी 'चालू' लिहिलं, खोटं कसं लिहू? फाटकापर्यंत त्या माझ्यासोबत आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

तुम्ही मांडवीच्या रस्त्याने जाणार असाल तर मला पत्ता विचारा आणि लवकर त्यांना भेटून या ना, प्लीज. काही काम नसलं तरी जा.