एकदाच सांगितलेलं

गार्गीशी बोलणं म्हणजे डोक्याला ताप. समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं तिला माहीतच नाही. मी "आज जेवायला" एवढं म्हणतो, तोवर ती "डबा आणलाय" म्हणून मोकळी. साकीनाक्याच्या गाळ्यात माझं टेबल तिच्या टेबलाला लागून आहे, त्यामुळे कित्येक वर्षं मी अर्धीच वाक्यं बोलतोय. मुलुंडला तिच्या सासूबाईंनी तर तिच्याशी बोलणंच कमी केलंय, हेही तिनेच मला मोठ्या कौतुकाने सांगितलं.

आमची कंपनी छोटी. मासेमारीच्या बोटींसाठी उपग्रहावर चालणारा फोन बनवतोय. भर समुद्रात टॉवर नसतो, म्हणून टॉवरचं काम उपग्रहाने करायचं. पण हे उपग्रह एका जागी थांबत नाहीत. एक डोक्यावरून जाऊन मावळतो, मग चालू बोलणं मागून येणाऱ्याकडे सोपवावं लागतं. या सोपवण्यात आमचा फोन दीड-दोन सेकंद मुका व्हायचा. उपग्रह मावळायला टेकला की हा परवानगी मागणार, ती जमिनीवरच्या केंद्रातून येईपर्यंत थांबणार आणि मग नव्या उपग्रहाला शोधायला निघणार. रजा संपल्यावर रजेचा अर्ज मंजूर व्हावा, तसला कारभार. गार्गीला ते बघवत नसे. पुढचा कधी आणि कुठून येणार हे आधीच ठाऊक असताना मेल्याने थांबायचं कशाला, असं ती त्या फोनलाच झापायची.

पहिली चाचणी मढला झाली. एक फोन माणिक नाखव्याच्या बोटीवर, दुसरा किनाऱ्यावर त्याची बायको कुंदा हिच्या हातात. दोघं मासळी, बर्फ, डिझेल यांवर भरपूर बोलले. कुंदाला सगळं कळलं. आमचे मालक नितेशसर खूश झाले. तक्रार नाही, आता माल बाजारात काढू, म्हणाले.

गार्गीने ऑफिसात रेकॉर्डिंग ऐकलं आणि कपाळाला हात लावला. शब्द जागोजागी गळले होते. पण बोटीवरच्या जुन्या वायरलेसच्या खरखरीत बोलून बोलून माणिकला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय लागली होती. पहिल्यांदा गळलेलं दुसऱ्यांदा पोचत होतं.

"मग बरंच आहे की," नितेशसर म्हणाले. "गिऱ्हाईक स्वतःच सांभाळून घेतंय."

"सर, दुसऱ्यांदा सांगायला वेळच मिळाला नाही तर?"

सरांकडे याचं उत्तर नव्हतं, तरी ते अर्धा तास देत राहिले. खरं सांगायचं तर मीही तिच्यावर वैतागलो होतो. मिटलेलं प्रकरण उकरून काढायची भारी हौस. शेवटी कंटाळून सरांनी आणखी एक चाचणी मान्य केली, आणि ती शेवटची असेल हेही बजावलं.

गार्गीने फोनची रीतच उलटी केली. येणाऱ्या उपग्रहाची वेळ फोनला आधीपासून ठाऊक, त्याची परवानगी आधीच घेतलेली, आणि नवा हाताशी आल्याशिवाय जुना सोडायचा नाही. एवढं सांगायला सोपं. करताना तिने आम्हा सगळ्यांचा जीव खाल्ला.

दुसऱ्या चाचणीला तिने माणिकला बजावलं की प्रत्येक गोष्ट एकदाच सांगायची. तो "एकदाच, एकदाच" म्हणाला आणि समुद्रात गेल्यावर सगळं दोनदा सांगत बसला. गार्गी वाळूत पाय आपटत होती. कुंदाने त्याला शिव्या घातल्या, तरी फरक शून्य. अशाने काय डोंबल कळणार, म्हणत सर गाडीकडे निघाले.

तेवढ्यात स्पीकरवर माणिकचा आवाज आला. पंख्यात जाळं अडकलंय, बोट खडकाकडे चाललीय, भावाला पाठव. पुढे नुसती धावपळ ऐकू येत होती. गार्गीच्या लॅपटॉपवर उपग्रह नेमका त्याच वाक्यात बदललेला दिसत होता, आणि एक शब्दही गळला नव्हता. आम्ही सगळे मात्र, अगदी कुंदासुद्धा, तो दुसऱ्यांदा सांगेल म्हणून थांबून राहिलो.

"ऐकलंत ना? मग थांबलात कशाला?" गार्गी ओरडली.

कुंदा भानावर आली. तिने धक्क्यावर बसलेल्या दिराला, यज्ञेशला, हाक मारली आणि त्याची बोट निघाली.

बोट दिसेनाशी झाली तसे सर परतले. लॅपटॉपमध्ये डोकावून त्यांनी गार्गीची पाठ थोपटली. चाचणी पास झाली, म्हणाले, आणि फोन परत घ्यायला कुंदापुढे हात केला.

कुंदाने स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

"तो अजून दर्यात हाय," ती म्हणाली.

सरांनी हात मागे घेतला. गार्गी लॅपटॉप मिटून तिच्या शेजारी वाळूत बसली. तिकडे माणिक खलाशांवर ओरडत होता, ते फोनमधून आम्हालाही पुसटसं ऐकू येत होतं, आणि कुंदा डोळे मिटून ते शब्दन्‌शब्द ऐकत होती.